वाचकांचे प्रश्न : रॉड्री मॉर्गन आणि वेल्सचे सरकार

प्रश्न : ब्रिटनच्या संसदेतील जागा सोडून वेल्सच्या प्रादेशिक सरकारातच कारकीर्द घडवणारा कोणी मोठा नेता झाला का? आणि त्या सरकारच्या हाती खरोखर काही होते का?

उत्तर : असे नाव घ्यायचे तर मी प्रथम रॉड्री मॉर्गन यांचे घेईन. १९८७ पासून ते पश्चिम कार्डिफचे मजूर पक्षाचे खासदार होते. तरीही १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचे सरकार आले तेव्हा त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. त्याच वर्षी वेल्समधील सार्वमतात प्रादेशिक विधिमंडळाला अवघ्या ६,७२१ मतांच्या आधिक्याने कौल मिळाला. त्या विधिमंडळासाठी पक्षाचे नेतृत्व मिळवण्याचा मॉर्गन यांनी दोनदा प्रयत्न केला आणि ते दोन्ही वेळा हरले. १९९९ च्या लढतीत सामान्य सदस्यांचा कौल मोठ्या फरकाने त्यांच्या बाजूने होता, पण कामगार संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या मतांमुळे ब्लेअर यांच्या पसंतीचे अ‍ॅलन मायकेल निवडून आले. नव्या संस्थेची सुरुवातच अशी व्हावी, हे दुर्दैवाचे होते.

फेब्रुवारी २००० मध्ये, युरोपीय निधीला जोड म्हणून लागणाऱ्या पैशाच्या वादातून अविश्वास ठराव आला, तेव्हा मायकेल यांनी राजीनामा दिला आणि धुरा मॉर्गन यांच्याकडे आली. २००१ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि डिसेंबर २००९ पर्यंत वेल्सचे सरकार चालवले. या काळात आधी लिबरल डेमोक्रॅट आणि २००७ नंतर वेल्सवादी प्लाइड कम्री हे पक्ष त्यांच्या आघाडीत होते.

अधिकारांविषयीची आपली शंका रास्त आहे. सुरुवातीला त्या सभागृहाला मूळ कायदे करता येत नव्हते आणि आयकरावर त्याचा ताबा नव्हता. मात्र लंडनहून मिळणारी रक्कम आरोग्य, शिक्षण, वाहतूक अशा खात्यांत कशी खर्चायची, हे कार्डिफमध्ये ठरत असे, आणि मॉर्गन यांनी नेमका तेवढाच अवकाश पुरेपूर वापरला. साठीपुढील नागरिकांना बसप्रवास मोफत झाला. १ एप्रिल २००७ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवरील शुल्क सर्वांसाठी रद्द झाले, जे इंग्लंडमध्ये अनेकांना आजही भरावे लागते. रुग्णालये आणि शाळा यांत स्पर्धा आणण्याचे ब्लेअर यांचे धोरण वेल्सने नाकारले, तेही दोन्हीकडे एकाच पक्षाची सत्ता असताना, आणि माझ्या मते मॉर्गन यांच्या कारकिर्दीचे खरे मोल या धैर्यात आहे. अर्थात शस्त्रक्रियांसाठीच्या लांब प्रतीक्षा याद्यांवरून त्यांच्यावर झालेली टीका खोटी नव्हती. मोफत औषधांचे समाधान त्या रुग्णांना पुरेसे नव्हते.

२००६ च्या कायद्याने अधिकार काहीसे वाढले, तरी प्रत्येक नव्या विषयासाठी लंडनची संमती लागत असे. ती अट काढण्यास मार्च २०११ च्या सार्वमतात ६३.५ टक्के मतदारांनी मान्यता दिली. तोवर फर्स्ट मिनिस्टरचे, म्हणजे वेल्स सरकारच्या प्रमुखाचे, पद मॉर्गन यांच्याकडून कार्विन जोन्स यांच्याकडे गेले होते, आणि त्याच वर्षी मॉर्गन यांची जागा त्यांचे दीर्घकाळचे सल्लागार मार्क ड्रेकफर्ड यांनी जिंकली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये तेही फर्स्ट मिनिस्टर झाले.