गरोदरपणात शेंगाचटणी बंद करावी का?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. बाळाला ॲलर्जी होईल म्हणून सासूबाईंनी माझी शेंगाचटणी आणि दूध बंद केले आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे. घराण्यात ॲलर्जी असल्यास गरोदरपणी शेंगदाणे टाळावेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००० मध्ये सुचवले होते. परंतु त्याने ॲलर्जी टळते याला पुरावा न मिळाल्याने २००८ मध्ये ती सूचना मागे घेण्यात आली. तुम्हाला स्वतःला ॲलर्जी नसेल, तर कडक भाकरीबरोबर दह्यात कालवलेली चटणी निःशंकपणे खा. दूध तोडल्याने कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडतात, याची मला अधिक चिंता वाटते. बाळाला सहाव्या महिन्यानंतर दाण्याचे बारीक कूट पातळ करून द्यायला उशीर करू नका. तीव्र इसब असल्यास मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. अख्खा दाणा देऊ नका, तो घशात अडकतो.