व्ही-क्रॉसचं नाक वर करण्याआधी पोती भरून टेप लाव

कागलच्या भावानं विचारलंय ते थोडक्यात असं: गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, मूळ टायर 255/60 आर 18. पुढून नाक खाली दिसतं म्हणून दोन इंच उचलणारं लेव्हलिंग किट टाकायचं, सोबत 265/65 आर 18 टायर. शेत राधानगरीकडं, आठवड्यातून एकदा-दोनदा मागं युरियाची पोती, आणि पावसाळ्यात पोरांबरोबर गगनबावडा-दाजीपूर. किट कुठलं घेऊ, टायर घासतील का, आरटीओवाले काही म्हणतील का?

भावा, किटचं नाव मी शेवटीसुद्धा सांगणार नाही. आधी नाक खाली का असतं ते बघ. पिकअप रिकामी असताना मागून उंच असते, कारण मागचे पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) वजन घ्यायला बनवलेत. पोती चढली की मागचा भाग बसतो आणि गाडी सपाट होते. कंपनीनं तुझ्या गाडीला लेव्हल आधीच दिली आहे, फक्त ती भरलेल्या गाडीला दिली आहे. युरियाचं एक पोतं 45 किलोचं, सहा टाकली तर 270 किलो. त्यात पुढून दोन इंच उचललेलं असेल, तर गाडी आकाशाकडं बघत चालणार. स्टिअरिंग हलकं पडतं, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हंगामात रात्री त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, निम्म्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो. तिथं तुझा लाइट रस्त्यावरच पडायला पाहिजे.

म्हणून पहिलं काम टेपचं. सपाट फरशीवर गाडी लाव, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घे, चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नको, त्यात टायरची हवा आणि झीज येते. मग नेहमीची पोती भरून परत तेच. भरल्यावर मागचं माप पुढच्याएवढं किंवा त्याहून कमी येत असेल, तर तुला किट नको, मागच्या पाट्यांकडं बघायला पाहिजे. भरूनही मागून 20-25 मिलिमीटर उंच राहत असेल, तर पुढं थोडं उचलायला जागा आहे.

आता किट म्हणजे काय. या गाडीला पुढं डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली असे दोन आर्म (दांडे), आणि शॉकअपभोवती कॉइल स्प्रिंग. स्वस्तातलं किट म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसणारी चकती, स्पेसर. शॉकअपचं खालचं टोक खालच्या आर्मच्या मध्यावर कुठंतरी बसतं, चाक मात्र आर्मच्या टोकाला. त्यामुळं चकती 25 मिलिमीटरची टाकली तर गाडी साधारण 45 ते 50 उचलते. लोक हिथंच फसतात. दोन इंच पाहिजे म्हणून दोन इंचाची चकती मागतात.

मी स्वतः फसलोय. 2017 ला हौसेनं 40 मिलिमीटरचे स्पेसर लेथवर कातून घेतले. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरसारखी वर्कशॉपची वसाहत असताना पार्ट विकत का घ्यायचा, हा तोरा. कातणाऱ्याची चूक काही नव्हती, माप मीच दिलेलं. पुढून तीन इंचांच्या आसपास उचलली, गेटवर उभी केली की दिसायला नाद खुळा. पण चाक खड्ड्यात लटकलं की ठण्ण आवाज यायचा. वरचा आर्म कॉइलला टेकत होता. करूळ घाटाच्या खेपा चालूच होत्या. पहिल्या पावसाळ्यातच सीव्ही जॉइंटचं (चाकाला ताकद पोचवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्याचं) रबरी बूट फाटलं, ग्रीस बाहेर आणि लाल माती आत. डाव्या बाजूचा ॲक्सल बदलावा लागला, पाठोपाठ वरचे बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकामधले गोळ्याचे सांधे.

कारण सोपं आहे. चाक खाली किती लटकायचं हे शॉकअपची लांबी ठरवते. डोक्यावर चकती टाकली की अख्खा शॉकअप तेवढा खाली सरकतो आणि चाक कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपलीकडं लटकतं. बॉल जॉइंट आणि सीव्ही त्या कोनात काम करायला बनवलेले नसतात. दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंगवर बसते, स्प्रिंग आणखी दाबून. त्यात लटकणं वाढत नाही, पण गाडी कडक होते आणि छोट्या खड्ड्यांत उडते. नीट उपाय म्हणजे त्या उंचीसाठीच बनवलेली स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी. महाग पडते, पण निम्मे पैसे तू नाहीतर ॲक्सलला घालशील. चकतीच टाकायची असेल तर 15 मिलिमीटरच्या पुढं जाऊ नको, आणि बोल्ट छोटे पडतात म्हणून त्यांना वेल्डिंग करून लांबवू देऊ नको. कुणी म्हणालं तर तिथून गाडी काढ.

काम झाल्यावर अलाइनमेंट. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) बघतात आणि 'झालं' म्हणतात. पुढून उचललं की कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला आळस करतं आणि हायवेला गाडी भटकते. आधीचा आणि नंतरचा कॅस्टर छापून माग. मशीनमधून कागद निघत नाही म्हणाले तर दुसरीकडं जा.

टायरचं गणित कागदावर करता येतं. 255/60 आर 18 चा व्यास सुमारे 763 मिलिमीटर, 265/65 आर 18 चा 802. फरक 5 टक्के. मीटरवर 80 दिसेल तेव्हा तू 84 नं चाललेला असशील, आणि प्रत्येक गिअर 5 टक्क्यांनी लांबला, म्हणजे भरल्या गाडीनं घाट चढताना एक गिअर खाली. ग्राउंड क्लिअरन्स मात्र 19 मिलिमीटरच वाढतो, कारण व्यासाचा निम्मा भागच धुरीखाली येतो. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? 265/60 आर 18 घे. व्यास 775, फरक दीड टक्का, मीटर जवळपास बरोबर. टोयोटा हायलक्सलाही हेच माप येतं. तरी बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एक चाक उंचवट्यावर चढवून, पुढं आणि मागं दोन्हीकडं चालवून बघ. घासतात ते रिव्हर्समध्येच जास्त.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नको. पाचही टायर एकाच मापाचे घे, स्टेपनीसुद्धा. फोर बाय फोर लावल्यावर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना जखडलेला असतो, व्यासात फरक असेल तर ताण सगळा ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. मोठी स्टेपनी खाली नीट बसते का, तेही दुकानातच बघून घे.

मड टेरेनचा, म्हणजे खास चिखलाच्या टायरचा, मोह टाळ. राधानगरीच्या लाल चिखलात मजा येते, पण तू 90 टक्के वेळ डांबरावर असणार, आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड ऑल टेरेनपेक्षा (डांबर आणि माती दोन्हीला चालणाऱ्या टायरपेक्षा) कमी असते. शिरोळकडच्या काळ्या रानात तर कुठलाही टायर भाकरीसारखा थापला जातो. तिथं हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवणं हाच उपाय, आणि डांबरावर येताच भरणं. आणि हो, पुराच्या पाण्यासाठी उंची पाहिजे हे डोक्यातून काढ. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता, तिथं आपल्या 19 मिलिमीटरला कोण विचारतो.

आरटीओचं: मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. एमएच-09 च्या शंभर गाड्या उचललेल्या फिरतात म्हणून तो नियम मोडत नाही असं होत नाही. पोलिसांपेक्षा मला विम्याची जास्त काळजी वाटते. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला चकती दिसली की क्लेमला फाटा फुटतो. टायरचं माप बदललंस तरी विमा कंपनीला आधीच लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव.

मी तुझ्या जागी असतो तर या पावसाळ्याआधी 265/60 चे पाच ऑल टेरेन घातले असते आणि सस्पेन्शनला हात लावला नसता. रविवारी टेप लाव, रिकामीची चार आणि भरलेलीची चार मापं इथं लिही. चकती लागतेच असं निघालं तर जाडी तेव्हा काढू.