लाकडाचा टन आणि वाइनचं पिंप

प्रश्न असा आहे: ब्रह्मदेशातल्या मौलमीन बंदरातून मुंबईला आलेल्या सागवानाच्या एका जुन्या हिशेबात लाकूड ‘टना’त मांडलंय आणि त्याच जहाजातलं तेल गॅलनात. दोन्हींनी मिळून किती जागा व्यापली हे काढायचं, तर लाकडाच्या टनाचे गॅलन कसे करायचे? विचारणाऱ्यांनी आपलं उत्तरही जोडलंय: टन म्हणजे १,००० किलो, म्हणजे १,००० लिटर, म्हणजे २२० गॅलन.

साफ चूक. टन दिसला की वजनकाटा काढायचा, ही खोड आपल्याकडे फार बोकाळली आहे. बातम्यांत सर्रास ‘दोन लाख टन वजनाचं जहाज’ येतं. मूळ बातमीत पुष्कळदा असतो तो ग्रॉस टनेजचा आकडा, आणि ग्रॉस टनेज हे वजन नव्हेच, ती जहाजाच्या पोटातली जागा. १८५४च्या ब्रिटिश कायद्यात १०० घनफुटांना एक टन धरला होता. आजचं सूत्र वेगळं आहे, पण तेही आकारमानाचंच.

टन जन्माला आला तोच मुळी पिंप म्हणून. जुन्या इंग्रजीत ‘टुन्ने’ म्हणजे मोठं लाकडी पिंप. बोर्दोची वाइन अशा पिंपांतून इंग्लंडला जायची, त्यामुळे जहाज केवढं हे त्यात किती पिंपं मावतात त्यावर ठरायचं. या पिंपात २५२ वाइन गॅलन (हा जुना, लहान गॅलन), म्हणजे नंतरच्या मोठ्या इम्पीरियल मापाने सुमारे २१० गॅलन. आतल्या वाइनचं वजन २,१०० पौंडांच्या आसपास, त्यात पिंपाच्या लाकडाचं धरलं की २,२४० पौंडांचा वजनी टन हाताशी येतो. पिंपाचा ‘टन’ आणि वजनाचा ‘टन’ यांची इंग्रजी स्पेलिंगं वेगळी झाली ती सतराव्या शतकाच्या अखेरीला. आपली खंडी तरी काय, धान्याच्या मापाचीही होती आणि वजनाचीही.

याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे टनेल. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तोनेल’ म्हणजे पिंप. तित्तिर धरायच्या लांबट, गोल जाळ्यालाही पिंपासारखं म्हणून तेच नाव पडलं, आणि तिथून ते बोगद्याला चिकटलं.

आता माझा लाडका शब्द. अर्ध्या टनाच्या पिंपाला इंग्रजीत ‘पाइप’ म्हणत, १२६ वाइन गॅलनचं. पोर्तुगीजांचं तेच ‘पिपा’. त्यावरून आपलं पीप, आणि अनुस्वार घेऊन पिंप. ‘पिंप हे इंग्रजी पाइपवरून आलं’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांनी उच्चाराकडे जरा तरी कान द्यावा! इंग्रजी ‘पाइप’ मराठीत आला तो पाइप म्हणूनच, नळाचा. त्याचं पीप कोणी केलं नाही. ‘पी’तला स्वर पोर्तुगीजांकडचाच. गोव्याचे पाद्री आणि भाषापंडित मोन्सेनोर दालगादोंनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश काढला, त्यात ‘पिपा’खाली आपलं पिंप आहे.

तर सागवान. इंग्रजांकडे लाकडाचा टन किंवा लोड म्हणजे ओबडधोबड गोल लाकूड असेल तर ४० घनफूट आणि तासलेलं असेल तर ५०. रूपांतराची बहुतेक कोष्टकं इथे दोन वेगळे आकडे देऊन मोकळी होतात. काही जण कारण देतात की गोल लाकडावर साल असते, ओल असते, म्हणून ४० फुटांतच वजन भरतं. मला हे पटत नाही. गोल ओंडका मोजायची रीत बघा. मध्यावर दोरीने घेर घ्यायचा, चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. १७३६ साली एडवर्ड हॉपस यांनी याचे तक्ते छापले, म्हणून हा हॉपस फूट. आपल्याकडे क्वार्टर गर्थ म्हणतात ते हेच.

एक ओंडका घ्या: घेर ६० इंच, लांबी १६ फूट. चौथा हिस्सा १५ इंच, म्हणजे सव्वा फूट. वर्ग १.५६२५, गुणिले १६, झाले २५ फूट. पण त्याच ओंडक्याचं खरं आकारमान ३१.८ घनफूट आहे. म्हणजे दर हॉपस फुटात १.२७३ खरे घनफूट लपलेले असतात. तासताना जाणारं लाकूड मापातच सोडून दिलेलं. आता या हिशेबाने गोल लाकडाच्या ४० हॉपस फुटांचे खरे घनफूट किती होतात? ५०.९! तासलेल्या ५० फुटांना जवळजवळ चिकटून. माझं मत असं की हे दोन टन नव्हेतच, एकच टन दोन रीतींनी मोजलाय. सालीची आणि ओलीची गोष्ट मागाहून जोडलेली.

बर्मी सागवानाच्या धंद्यात मात्र गोल लाकडालाही ५० फुटांचाच टन चाले, हॉपस टन. त्यामुळे तुमच्या कागदात आधी रकाने बघा. घेर आणि लांबी असे दोनच असतील तर फूट हॉपसचे: एका फुटाला ७.९३ गॅलन, ५० फुटांच्या टनाला सुमारे ३९६. रुंदी, जाडी, लांबी असे तीन असतील तर माल तासलेला: फुटाला ६.२३, टनाला सुमारे ३११. गॅलन इम्पीरियलच धरा. तो १८२४च्या कायद्याने ठरला आणि मौलमीन इंग्रजांकडे गेलं १८२६मध्ये. एवढं करून हाती येतं ते नुसतं लाकडाचं आकारमान. गोल ओंडके रचले की मध्ये फटी राहतात, तेलाच्या पिंपांमध्येही राहतात, आणि जहाजाचं भाडं त्या फटींसकट भरावं लागे.