नव्या टाकीतले गप्पी पर मिटून पाण्याच्या वर येऊन धापा टाकतात, कोणता रोग असावा?

तुमची टाकी तीन आठवड्यांची आहे, आठ गप्पी एकदम सोडलेत, दोन मेलेत आणि उरलेले सगळे पर अंगाला चिकटवून पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करताहेत. अंगावर ठिपका नाही, जखम नाही. अशा वेळी मिथिलीन ब्लू (माशांच्या रोगांवरचं निळं औषध) घालू का, असं तुम्ही विचारलंय.

कृपया घालू नका. मला हा रोग वाटत नाही, पाणी बिघडल्यासारखं वाटतं.

लक्षणांच्याही आधी मी एक गोष्ट पाहतो: मासे कोणत्या क्रमाने आजारी पडले? सगळे एकदम मलूल झाले तर कारण बहुधा पाण्यात असतं. आज एक, चार दिवसांनी दुसरा, मग तिसरा असं चाललं तर संसर्गाचा संशय घ्यायचा. बाकीचे ठणठणीत असताना एकच मासा खंगत असेल तर वय, पोटातले जंत किंवा जन्माचं व्यंग. याला अपवाद आहेत, पण शोध इथूनच सुरू करावा.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे तुमची टाकी ऐन धोक्याच्या काळात आहे. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतो, म्हणून हवेचा पंप जोरात चालू असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले लाल न दिसता तपकिरी पडतात. मिथिलीन ब्लूने हेच उपयोगी जिवाणू मरू शकतात.

आजच पाणी तपासायच्या थेंबांच्या संचाने (टेस्ट किटने) पाणी तपासा. पाण्यात बुडवायच्या चाचणी-पट्ट्यांमध्ये पुष्कळदा अमोनियाची चाचणीच नसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पीएचही बघा, कारण पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. आकडा शून्याच्या वर आला तर क्लोरीन काढलेल्या, टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्याने निम्मं पाणी बदला, एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवा आणि रोज तपासत राहा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. नायट्राइट असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, आणि गप्पींना एवढं मीठ सोसतं.

दोन्ही आकडे शून्यच आले तर मात्र माझा अंदाज चुकला. मग खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरा. अंगावर सोनेरी भुकटीसारखी झाक दिसली तर तो वेल्व्हेट नावाचा परजीवीचा रोग. तोही आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून धापा तशाच दिसतात.

पुढे कधी मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आले तर तो इक नावाचा रोग. ठिपक्यातला परजीवी कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून, विभागून नवी पिल्लं पाण्यात पोहायला लागली की तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले तरी औषध काही दिवस चालू ठेवावं लागतं. पाणी थोडं उबदार केलं की हे चक्र लवकर उरकतं. पण तोंडाभोवती किंवा पाठीवर करड्या-पांढऱ्या कापसासारखा थर दिसला तर तापमान वाढवू नका. त्याला बुरशी समजतात, पण बऱ्याचदा तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणू असतो आणि उबेत तो झपाट्याने पसरतो. ही गल्लत फार मासे घेते.

पोट फुगलेली मादी दिसली की लोक घाबरतात. वरून बघा: खवले अंगाला सपाट असतील तर ती बहुधा गाभण आहे. खवले उभे राहिले असतील तर मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठलंय. अशी मादी लगेच वेगळी करा, पण ती वाचण्याची आशा थोडीच असते.

अमोनिया, नायट्राइट आणि पीएचचे आकडे कळवा, सोबत टाकीत किती लिटर पाणी आहे तेही लिहा. त्यावरून रोज किती पाणी बदलायचं ते सांगतो.