पीनट बटरचा शोध जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला का?

नाही, पीनट बटर अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरचं नाही. शेंगदाण्याच्या पेस्टचं पेटंट कॅनडातल्या एडसनने 1884 मध्येच घेतलं होतं आणि कार्व्हर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला आले ते 1896 मध्ये, म्हणजे तारखाच जुळत नाहीत. आपल्याकडे शाळेत असताना त्यांचं चरित्र वाचलेले खूप जण आहेत, तरी हा गैरसमज काही जात नाही. त्यांचं खरं काम जमिनीचं होतं, वर्षानुवर्षं कापूस घेऊन तिथली माती पार निकस झालेली, तर यांनी शेतकऱ्यांना मध्ये भुईमूग, चवळी लावायला सांगितलं, कारण या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, शिवाय रताळी वगैरे खायला. मग एवढ्या शेंगांचं करायचं काय? तर त्यांच्या 1916 च्या माहितीपत्रिकेत दाण्याच्या 105 पाककृती, सूपपासून आइस्क्रीमपर्यंत. 1906 पासून तर घोडागाडीत अवजारं-बियाणं घालून प्रात्यक्षिकं थेट बांधावर. फक्त त्यांनी शेंगदाण्यापासून '300 शोध' लावले असं म्हणतात, ते जपून घ्या, त्यात बरेचसे पदार्थ आणि आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीही आहेत, पेटंट त्यांच्या नावावर तीनच.