वर्षाची फी आत्ताच भरू नकोस

अरे, व्यायामाचा ग्रुप क्लास लावायचा म्हणतोस ना, तर आधी ट्रायल क्लास कर, मग महिन्याचीच फी भर. ‘वर्षाचं घेतलं तर निम्म्यात’ला मी भुललो होतो, पावसाळा लागला आणि कार्ड पाकिटातच राहिलं. हिशेब गेलेल्या दिवसांचा कर: ३,००० रुपयांत १२ वेळा गेलास तर क्लास २५० ला, चारदाच गेलास तर ७५० ला.

ट्रायलला बघ:
- एका ट्रेनरमागे किती डोकी? बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे, परत उभं राहून उडी) मारताना तुझी कंबर खचली तर त्याला दिसायला हवी.
- गुडघा दुखतो म्हटल्यावर उडीऐवजी दुसरं काही देतो का?

पहिला महिना आठवड्याला दोनदाच, सलग नाही. शेजारच्याशी शर्यत नको. नुसता घामच गाळायचा असेल तर टाबाटा (२० सेकंद जोरात व्यायाम, १० सेकंद थांबा, आठ फेऱ्या) घरच्या सतरंजीवर फुकट होतो. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचार.