उद्या कोलवाळला जाताना

भावा, उद्या तू पहिल्यांदाच गोव्यातल्या कोलवाळ तुरुंगाच्या फाटकावर सुटणाऱ्या कुणाला तरी आणायला जातोयस, म्हणून सांगतो. लवकर पोच. बाहेर आपलं कुणीच नाही हे बघितलं की माणूस तिथेच खचतो.

मी आग्वादला होतो, 2015 मध्ये तो तुरुंग बंद व्हायच्या आधी. सुटलो त्या सकाळी म्हापशाच्या हॉटेलात भाजी-पाव समोर आला, आणि कुणीतरी ‘खा’ म्हणेल म्हणून मी थांबून राहिलो. मला न्यायला आलेला माणूसही आतून आलेलाच. काही न बोलता तो आपला पाव मोडून खायला लागला. तसंच कर. ‘कशात होतास?’ हे अजिबात विचारू नकोस.

सुटकेचा कागद, आधार, पासबुक बघून घे. जामिनावर असेल तर हजेरीच्या तारखा चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेव. हजेरी चुकली की जामीन रद्द होऊ शकतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. मालकाशी बोलणं पक्कं होईपर्यंत नोकरीचा शब्द देऊ नकोस.

चवथीला, म्हणजे गणपतीला, घरचे बोलावतील अशी आशा त्याला असणार. त्याआधी तू एकटाच जाऊन त्याच्या आईला भेट.